कुंडलीवाला कॉम्प्युटर

“नेम धरला तं धरला. गावभर सांगत नोको फिरू, रत्नमाला. ज्याच्यासाठी धरला त्याले दिसते.”

माझ्या आईचं हे सांगणं मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा ट्रंकेतल्या लुगड्यांसोबत आलं. लुगडी विरली, सांगणं टिकलं. माझे नेम तसे पुष्कळ आहेत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, शनिवारी मारुतीला तेल आणि रोज पहाटे महादेवाच्या पिंडीवर पाणी. पण ह्याचा आवाज क्वार्टरच्या बाहेर जात नाही. मुळात माझाच आवाज बाहेर जात नाही. दारावर येणारा भाजीवाला “क्या बोला, माताजी?” असं दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा त्याच्या मनात असेल ती भाजी देऊन जातो. आम्ही आयुष्यात जेवढा दोडका खाल्ला, त्यातला निम्मा मी मागितलेला नाही.

सत्त्याण्णव सालच्या चातुर्मासात मी एक नवा नेम धरला. सोमवारी आंघोळ झाली की तिन्हीसांजेचा दिवा लागेपर्यंत मौन. घरातही सांगितलं नाही, कळेलच, म्हटलं. वसुंधराला, म्हणजे आमच्या मुलीला, पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या ह्यांना चौथ्या सोमवारी कळलं. आधीचे तीन सोमवार त्यांना वाटलं होतं की आपलं बोलणं आता घरात पटायला लागलं.

नेम वसूसाठीच होता. वसू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता कॉम्प्युटर. कॉलेजात कॉम्प्युटरची वेगळी खोली होती; ती सदा कुलपात असे, कारण आत कॉम्प्युटर होते. म्हणून सरावाला ती नेहरू नगरच्या एका क्लासला जायची. तिथं एका मशीनपुढे तिघी बसत. एक बटणं दाबायला, एक बघायला आणि एक त्या दोघींना घाई करायला. वसूच्या वाट्याला बहुतेक घाई करायचं काम येई. क्लास सुटेपर्यंत अंधार पडायचा आणि हायवेच्या कडेनं सायकल हाकत घरी यायचं. एके संध्याकाळी एका ट्रकनं तिला अशी हूल दिली की सायकल नालीत आणि पोर काठावर. गुडघा फुटला.

ह्यांनी उभ्याउभ्या निकाल दिला. “क्लास बंद. घरी मशीन आली तं कॉम्प्युटर, नाई तं बॉटनी घे. पानं-फुलं कुठंई भेटतात.”

कॉलेजात विषय बदलायची मुदत दसऱ्यापर्यंत होती. म्हणजे वसूचा कॉम्प्युटर राहायचा की जायचा, ते दसऱ्याच्या आत ठरायचं होतं. वसू रडली नाही. गुडघ्याला पट्टी बांधून ती नालीत पडलेली सायकल पुसत बसली, आणि चकचकीत झाल्यावरही पुसत राहिली. ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

“घ्या ना मग मशीन,” मी म्हटलं.

“घेऊ. पण पद्धतशीर.”

हा शब्द ऐकला की मी महिने मोजायला लागते. आमचे हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, स्टोअर्स खात्यात हेड क्लार्क. तिथं साधा खिळा घ्यायचा तरी आधी मागणी, मग स्पेसिफिकेशन, मग तीन कोटेशनं, मग कमिटी, मग इन्स्पेक्शन. प्लांटला ते शोभतं, तिथं रूळ बनतात. पण ह्यांनी तीच पद्धत घरी आणलेली. मागे आंब्याचा रस काढायला मिक्सर घ्यायचा ठरला. सगळे सोपस्कार होऊन मिक्सर आला तेव्हा बाजारात पेरू आले होते. त्या मिक्सरनं त्या वर्षी पेरूचा रस काढला. तो कोणीच प्यायला नाही, पण खरेदीत एकही चूक निघाली नाही, असं हे आजही सांगतात.

तर वसूला आधी लेखी मागणी द्यायला लावली. “मशीनची आवश्यकता का आहे?” ह्याखाली तिनं लिहिलं, “पढ़ना है.” ह्यांनी ते परत केलं, म्हणाले, कारण त्रोटक आहे. मग कमिटी बसली. अध्यक्ष हे. तांत्रिक सदस्य वरच्या मजल्यावरचे भैय्याजी, रोलिंग मिलमधून रिटायर झालेले फोरमन. आणि महिला प्रतिनिधी म्हणून मी.

“बाबा, मैं भी चलूँ ना,” वसू म्हणाली. “मला समजते त्यातलं.”

“म्हणूनच नाई. तू अर्जदार. अर्जदार कमिटीत बसला की पक्षपात होते.”

अशा रीतीनं आमच्या घरात कॉम्प्युटर ज्या एकाच माणसाला कळत होता, ते माणूस नियमानं बाहेर बसलं.

नवा घ्यावा की जुना, एवढाच प्रश्न होता. पण तो जिन्यातून वर गेला, मागच्या गल्लीतून फिरला आणि चार दिवसांत आमच्या स्ट्रीटवर ज्यांनी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता, त्यांची मतं पक्की झाली. भैय्याजी जुन्याच्या बाजूचे. “रशियन लोकाईनं बसवलेली मिल मी तीस वर्षं चालवली. अजून चालून राह्यली. नवीन मशीन आली, तिच्यासंगं तीन इंजिनिअर आले आन् चवथ्या दिवशी तिघंई सुट्टीवर गेले. लोखंड मुरलेलं पाहिजे, बाप्पा!”

त्यांच्या पत्नी कलावतीवहिनी नव्याच्या बाजूच्या. त्या बऱ्याचदा भैय्याजींच्या विरुद्ध बाजूलाच असतात. तिथं जागा मोकळी असते. “जुन्यात व्हायरस असते म्हणे,” त्या कुजबुजल्या. “एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तुमच्या घरी तुळस आहे म्हणा, पण लेकरू दिवसभर त्याच्याजवळ बसन ना!” आणि मग जाता जाता, “घेतलाच जुना, तं पहिले तीन दिवस उन्हात ठेवजा.”

मला कोणी विचारलं नाही. मी महादेवाला विचारलं. तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. पण त्याच्या न बोलण्यात घाई नसते, म्हणून मला ते ऐकायला बरं वाटतं.

पहिलं कोटेशन सुपेला बाजाराचं. नव्या कॉम्प्युटरचं दुकान, काचेचं दार, आत गारवा. दुकानदार तरुण होता आणि पान खात होता. ह्यांनी विचारलं, “कोणत्या कंपनीचा?”

“अंकल, कंपनी कुठं? हम बनाके देंगे. असेम्बल. डबा दिल्लीका, पडदा कहीं और का, अंदर का माल जैसा आपका बजेट.”

हे माझ्याकडे वळून म्हणाले, “हा कॉम्प्युटर आहे की भेळ?” आणि मग त्याला, प्लांटच्या आवाजात, “टेस्ट सर्टिफिकेट मिळन?”

“काहे का?”

“मालाचं.”

“चालू करके दिखाऊँगा ना, अंकल.”

“ड्रॉइंग?”

दुकानदारानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “अंकल, आपको कॉम्प्युटर चाहिए कि पुल बनवाना है?”

गिऱ्हाइकं हसली. ह्यांचा चेहरा मी इतका लाल एकदाच पाहिला होता, ऑडिटवाल्यांनी त्यांच्या स्टोअर्समधल्या झाडूंची मोजणी केली तेव्हा. मी हळूच म्हटलं, “चला जी.” माझं कोणाला ऐकू गेलं नाही, पण आम्ही निघालो. दारापर्यंत पोचलो तोच दुकानदार मागून म्हणाला, “सोच लो अंकल. वैसे भी आज का नया, छह महीने में पुराना!”

तो टोमणा होता. पण ह्यांनी तो सबंध रस्ताभर स्कूटरवर चघळला, आणि घरी आल्यावर बूट काढता काढता थांबले. “म्हणजे नवीन घेतला तरी सहा महिन्यांनी आपल्या घरी जुनाच राहीन. मग आधीच जुना कावून घेऊ नये? सहा महिने वाचते!”

काय वाचतं ते मला अजून कळलेलं नाही. पण कमिटीचा कल बदलला होता.

जुना शोधून काढला भैय्याजींनी. कोहक्यात तेजराम नावाचा माणूस घराच्या पुढच्या खोलीत ‘कॉम्प्युटर कुंडली केंद्र’ चालवायचा. त्याला रंगीत छपाईचं नवं मशीन घ्यायचं होतं, म्हणून जुनं काढायचं होतं. हे ऐकून मला मनातून फार बरं वाटलं. सुपेल्याच्या दुकानातलं मशीन कुठून कुठून गोळा होऊन येणार होतं. हे निदान नवग्रहांच्या संगतीत राहिलेलं. देवाधर्माचं काम केलेल्या वस्तूला एक वळण असतं, असं मी कमिटीत हळूच मांडलं. अध्यक्षांनी “नोंद घेतली” म्हटलं.

इन्स्पेक्शनची तारीख ठरली. अध्यक्षांना त्या दिवशी कॉम्प-ऑफची सुट्टी होती, तांत्रिक सदस्यांची मोपेड त्या दिवशी दुरुस्त होऊन येणार होती. दिवस सोमवार.

मी बोट वर करून कॅलेंडर दाखवलं.

“सोमवारच सापडला का तुले?” हे म्हणाले. जणू सोमवार मी शोधून काढला होता. “एक दिवस तुह्यं मौन मंगळवारी कर.”

मी नकारार्थी मान हलवली. देवाशी ठरलेली वेळ कोणाच्या कॉम्प-ऑफवर हलत नाही.

“बरं. अशीच चल. महिला प्रतिनिधीले बोलायचं काम तसंई नसते. आन् त्या लोकाईले काई सांगू नको.” ह्याची त्यांनी काळजी करायची गरज नव्हती. भैय्याजींनाही माझा नेम माहीत नव्हता.

कोहक्याची ती खोली छोटी, कॅलेंडरांनी भरलेली. तेजराम तिशीचा, कपाळाला गंध, बोटाबोटांत ग्रहांच्या अंगठ्या. त्यानं आम्हाला स्टुलं दिली आणि सुरू झाला. “मशीन म्हणजे साहेब, एकदम सात्त्विक. फक्त कुंडल्या काढल्या. गेम-बीम काई नाई. कोणी हात लावला नाई.”

तो हे सांगत होता तेव्हा त्याची आई, अंजनाबाई, मशीनपुढे बसून पत्ते खेळत होती. पडद्यावरच पत्ते होते. हाताशी एक डबी होती, तिच्यावर टिचकी मारली की पत्ता इकडून तिकडे जायचा. सत्तरीची बाई, चष्म्याला दोरा बांधलेला, आणि नजर अशी की आमच्या येण्यानं पापणीही हलली नाही.

“माय, उठ ना. गिऱ्हाइक आले.”

“थांब. राजा अडकून राह्यला.”

राजा सुटेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग ती उठली आणि आतल्या दारात जाऊन उभी राहिली, पदराचं टोक दातात धरून.

भैय्याजींनी तपासणी सुरू केली. डब्याला कान लावला, बोटानं ठोकलं, पुन्हा कान लावला. “बेअरिंग ठीक आहे.”

“काका, यात बेअरिंग नसते.”

“मग आवाज कायचा येऊन राह्यला?”

“आतल्या पंख्याचा.”

“पंख्याले बेअरिंग नसते का बे?”

तेजरामनं विषय सोडला. पहिली फेरी आमची. ह्यांनी घसा साफ केला. सकाळपासून आरशासमोर उभं राहून त्यांनी घासाघिशीची वाक्यं पाठ केली होती. मी पोळ्या लाटता लाटता ऐकली होती.

मी स्टुलावर बसले होते. हातात पदराखाली जपमाळ. मशीनच्या डोक्यावर महादेवाचा लहानसा फोटो चिकटवलेला होता, विभूती लावून लावून अर्धा पुसलेला. मी त्याच्याकडे पाहत मनात जप करत होते. मला त्या खोलीत फार शांत वाटत होतं. तेजरामला मात्र वाटत नव्हतं. तो दर वाक्यानंतर माझ्याकडे पाहायचा.

“बाई, तुमाले काई विचाराचं आहे?”

मी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा महादेवाकडे पाहिलं.

त्यानं भैय्याजींना हळूच विचारलं, “बाई बोलत कावून नाई?”

“त्या उगाच बोलत नाईत,” भैय्याजी त्याहून हळूच म्हणाले. “त्याईचा शब्द शेवटचा.”

माझ्या संसारात माझा शब्द शेवटचा कधी होता ते मला आठवेना. तो पहिलाही क्वचितच असतो. पण तेजराम माझ्याकडे वळला.

“तसं खरं सांगतो, बाई. पडदा लागाले वेळ घेते थोडा. चालू केलं की आपण आंघोळ करून याचं. येईपर्यंत लागते.”

मी माळेचा मणी ओढला. ओठ थोडे हलले असतील.

“भाव कमी करतो मी. तुमी मनात हिशोब नोका करू.” आणि त्यानं खरंच भाव उतरवला. हे तोंड उघडणार, तोच तो पुढे म्हणाला, “आन् लई वेळ चाललं की बंद पडते. टेबलपंखा त्याच्याकडं फिरवला तं नाई पडत. त्याचेई कमी करतो.”

मी जप करत राहिले. फ्लॉपी आत जाते पण बाहेर यायला चिमटा लागतो, हे त्यानं कबूल केलं. बटणांच्या फळीवर एकदा चहा सांडला होता, हेही. दर कबुलीला भाव एकेक पायरी खाली येत होता आणि आमच्या ह्यांची पाठ केलेली वाक्यं तशीच्या तशी घशात राहिली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि अपमान एकाच वेळी दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सौदा जिंकत होतो, आणि तो जिंकत होती महिला प्रतिनिधी.

सोमवारचा उपास होता. मला तहान लागली. तेजरामच्या मागे कोपऱ्यात माठ होता, मी त्याच्याकडे पाहिलं. माठाच्या अलीकडे छापलेल्या कुंडल्यांचा गठ्ठा होता. तेजराम वळला, त्यानं गठ्ठा पाहिला, आणि त्याचा धीर सुटला.

“तेई समजलं का तुमाले? सांगतो. पण बाई, बाहेर नोका सांगजा.” तो हात जोडून म्हणाला. “भविष्याचं पान सगळ्याईले एकच निघते. रास बदलते, पान तेच. मशीन घेतली तेव्हापासून बिघडलं आहे.”

“आन् गुण?” भैय्याजी म्हणाले. “लग्नाचे गुण?”

“ते अठ्ठावीस येते, काका. कोणाचेई टाका. अठ्ठावीस आले की दोनी पार्ट्या खुश राहतात.”

भैय्याजी खाली बसले. त्यांच्या मुलाची पत्रिका ह्याच मशीनवर जुळली होती. सुनेशी खटका उडाला की कलावतीवहिनी जिन्यात उभ्या राहून अख्ख्या ब्लॉकला सांगत, “छत्तीसातले अठ्ठावीस जुळले, बाई. जे आठ राह्यले ते माह्या एकटीच्या नशिबी आले!” आता ते आठ कुठे गेले असतील, ह्याचा विचार भैय्याजी करत होते. तांत्रिक सदस्य म्हणून त्यांचा त्या दिवशी पुढे काही उपयोग झाला नाही.

अध्यक्षांनी मात्र स्वतःला सावरलं. “माल घ्याचा की नाकारायचा?” ते स्वतःशीच बोलले आणि स्वतःच उत्तर दिलं. “त्या सुपेल्यावाल्यानं एकई दोष सांगितला नाई. यानं सगळे सांगितले. ज्या मालाचे सगळे दोष माहीत आहेत, तो माल पक्का.”

त्यांचं हे बोलणं इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा मनापासून पटलं. तेवढ्यात माझी माळ पूर्ण झाली. मी माळ डोळ्यांना लावली आणि फोटोतल्या महादेवाला हात जोडले. तेजरामला वाटलं, सौदा झाला. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि मला न मागता पाणी दिलं.

पुरुष मंडळी दोऱ्या शोधायला बाहेर गेली. तेव्हा अंजनाबाई दारातून पुढे आली. तिनं माझा हात धरला. तिचा हात कोरडा होता.

“बाई, तुमी घेऊन चालल्या. घ्या. लेकराच्या शिक्षणाले चालली, चांगलं आहे.” ती मशीनकडे पाहत म्हणाली. “तेजरामचा बाप गेला तेव्हापासून माही दुपार याच्यासंगं जाते. नव्या मशीनले हा मले हात लावू देनार नाई, आताच सांगून राह्यला. मी तुमच्या घरी येऊ का वं? गुरुवारी तुमचा वार असन ना दत्ताचा, त्या दिवशी. एकच डाव खेळन आन् निघून जाईन. पण मले चौकातून रस्ता ओलांडता येत नाई. न्याले कोणी येईन का?”

बोलता आलं असतं तर मी काय बोलले असते? “पाहू,” म्हटलं असतं. “घरी विचारून सांगते,” म्हटलं असतं. बोलण्यात अशा पळवाटा पुष्कळ असतात. मौनात एकही नसते : मान डोलवायची, नाहीतर नाही डोलवायची. मी तिच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला आणि मान डोलावली.

मशीनचा डबा ह्यांच्या स्कूटरवर गेला. पडदा फुटू नये म्हणून तो सायकलरिक्षात माझ्या मांडीवर दिला. कोहक्यापासून आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपर्यंत मी तो जड पडदा मांडीवर धरून, खड्ड्याखड्ड्याला कवटाळत आणला. पुढे काही वर्षांनी लॅपटॉप नावाची वस्तू निघाली तेव्हा सगळ्यांना तिचं भारी अप्रूप वाटलं. मला काही वाटलं नाही. मी ते सगळं आधी करून बसले होते.

घरी वसू दारात उभी. कॉलेजचे कपडेही बदलले नव्हते. तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. डब्यातून घुरघुर आली, पडदा काळाच. आम्ही सगळे त्या काळ्या पडद्याकडे पाहत उभे. वसूचा खालचा ओठ दाताखाली गेला.

“बॉटनी काई इतकी वाईट नसते,” हे पुटपुटले.

मी बाथरूमकडे बोट दाखवलं.

“आता? ह्या वेळी?” ह्यांना आठवलं. “हो, तो म्हणाला होता खरं. आंघोळ करून याचं.” आणि आमचे हे, जे माझ्या नेमांची वर्षानुवर्षं थट्टा करत आले, ते टॉवेल घेऊन मुकाट्यानं आंघोळीला गेले. कोणी तरी नुसती वाट पाहिली असती तरी चाललं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सूचना म्हणजे सूचना. तिकडे पाण्याचा आवाज, इकडे मी देवापुढे दिवा लावला. आणि आतून वसू ओरडली, “आई! आ गया! आई, दिसतंय सगळं!”

मी दिवसभरातला पहिला शब्द बोलले. “बस मग.”

ती बसली. पूर्ण फळी तिच्या एकटीच्या हाताखाली, घाई करायला कोणी नाही. तिनं वहीतला आपला प्रोग्राम टाकला, तो चालला, तिनं पुन्हा टाकला, पुन्हा चालला. मधेच उठून तिनं मला मिठी मारली आणि परत जाऊन बसली. बॉटनीचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

मंगळवारपर्यंत माझी कीर्ती पसरली. भैय्याजींनी गुणांची गोष्ट वगळून बाकी सगळी सांगितली होती : रत्नमालाबाई एक शब्द न बोलता माणसाकडून खरं काढून घेतात. एकीनं जुनी शिलाई मशीन घ्यायला चला म्हटलं, एका गृहस्थांनी भाचीसाठी स्थळ पाहायला. मी नको नको म्हणत होते. पण माझं ‘नको’ ऐकू कोणाला जातं? बुधवारी कलावतीवहिनींनी मला सुपेल्यात जुनं कपाट घ्यायला ओढून नेलं. मला वाटलं, दुकानदाराला निदान नमस्कार करावा. मी गोड आवाजात “नमस्कार, भाऊ” म्हटलं. त्यानं मला एकदा नीट पाहिलं आणि भाव वाढवला. परतीच्या वाटेवर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. माझी कीर्ती दोन दिवस टिकली; मला ते पुरे होतं.

त्याच रात्री जेवताना मी अंजनाबाईचं काढलं.

“बाहेरच्या माणसाले मशीन वापराले देता येत नाई,” हे म्हणाले. “नियमात बसत नाई. तू लेखी दिलं का तिले?”

“नाही.”

“तोंडी?”

“तोंडीही नाही. मौन होतं.”

“मग वचन झालंच कुठं?” हे खुशीत येऊन म्हणाले आणि वरण वाढून घेतलं.

“तोंडी असतं तर तुम्ही ते मोडून दाखवलं असतं,” मी म्हटलं. “मला ठाऊक आहे. म्हणूनच बरं झालं.”

ह्यांनी वरणाची वाटी खाली ठेवली. बहुधा पहिल्यांदाच त्यांना माझं बोलणं एकदाच सांगून ऐकू गेलं होतं.

पण खरी अडचण हे नव्हते. वसू ताटातला भात बोटानं इकडून तिकडे करत होती. “आई, उसमें मेरा प्रोजेक्ट है. त्या आजीनं चुकून काही उडवलं तर? दिवाळीनंतर जमा करायचं आहे मला. पहली बार कुछ मेरा अकेली का है.”

तिचं खरं होतं. मशीन तिच्यासाठीच आणलं होतं. मी तिला दटावू शकत नव्हते आणि समजावण्याइतकं माझं भाषण कधी चालत नाही. मी एवढंच म्हटलं, “त्या बाईची दुपार आपण मांडीवर घालून आणली, वसू.”

ती उठली. ताट उचलून आत गेली.

गुरुवारी सकाळी हे ड्यूटीवर गेले. वसू कॉलेजला निघाली. दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं सगळं फ्लॉपीवर काढून ठेवलं आहे. चिमटा खणात आहे. चार बजे तक मैं नहीं आती.” आणि पायऱ्यांवरून, “आजीला सांग, हारली तर नवा डाव कसा मांडायचा ते मी शिकवीन.”

मी दत्ताला नैवेद्य दाखवला. मशीनपुढची खुर्ची पुसली, तिच्यावर दुहेरी घडी करून सतरंजी घातली. म्हातारी माणसं लाकडावर फार वेळ बसू शकत नाहीत. दोन वाट्यांत शिरा झाकून ठेवला. मग छत्री घेतली, कुलूप लावलं आणि जिना उतरले.

कलावतीवहिनींचा राग अजून गेला नव्हता, पण त्यांना राहवलं नाही. वरून वाकून म्हणाल्या, “भर दुपारी कुठं निघाल्या हो, रत्नमालाबाई?”

“कोहक्याला,” मी म्हटलं. “पाहुण्या आणायच्या आहेत.”

“काय म्हटलं?”

मी पुन्हा सांगत बसले नाही. फाटक ओढून घेतलं आणि रिक्षा मिळते का पाहत चौकाकडे चालू लागले.